मोडली ती घ्यायची

भेंडीचे शेंडे मोडलेले होते.

परक्या देशातल्या त्या दुकानात, नावे वाचता न येणाऱ्या भाज्यांच्या मधोमध, भेंडीचा एक लहानसा ढीग होता. आणि त्यातल्या बऱ्याच भेंड्यांची टोके कुणीतरी मोडून पाहिली होती. कोवळी की जून हे असे पाहणारी माणसे कुठली, हे ओळखायला पदवी लागत नाही. माझ्याकडे ती असूनही मी ओळखले.

म्हणजे या शहरात आपले कुणीतरी होते!

एवढ्यात दुकानदारीण बाई गल्ल्यावरून उठून आल्या. त्यांची भाषा मला येत नव्हती, पण मोडक्या भेंडीकडून माझ्या नाकाकडे वळलेले बोट जगात सगळीकडे सारखेच समजते. मी त्या दुकानात पहिल्यांदाच पाऊल टाकले होते. न केलेल्या अपराधाची शिक्षा मला नवी नव्हती. मायदेशीच्या महाविद्यालयात माझी जागा विभागप्रमुखांच्या भाच्याला देताना, माझा अपराध कोणता हे सांगण्याची तसदी कुणी घेतली नव्हती. इथे निदान आरोप तरी स्पष्ट होता. तेव्हा म्हटले, नाव झालेच आहे, तर हौसही होऊन जाऊ दे. एक भेंडी उचलली आणि बाईंच्या डोळ्यांत बघत शेंडा मोडला.

टक्.

"कोवळी आहे. घ्या."

आवाज मांडणीच्या पलीकडून आला. डब्यांच्या फटीतून आधी दोन डोळे दिसले, मग ओली, ठिबकणारी छत्री.

"न बघता कसं कळलं?"

"ऐकू आलं. जून असती तर नुसती वाकली असती... कान तपासायचं काम करतो मी. दवाखाना पलीकडच्याच गल्लीत आहे."

"आणि दवाखाना सुटला की भेंड्या मोडत फिरता?"

"आईनं लावलेली सवय हो! तुम्ही काय करता?"

"इतिहास शिकवते. पुरावे बघून गुन्हेगार कोण ते ठरवते. या बाजूला या, बाई तुमची वाट बघतायत."

तो आला. बाईंशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला. बाई हसल्या, आणि मोडलेल्या सगळ्या भेंड्या पिशवीत भरून त्यांनी आमच्या दोघांच्या मधे धरल्या.

"काय म्हणाल्या?"

"मोडली ती घ्यायची. इथून पुढे हाच नियम."

"मी एकच मोडलीय."

"अहो, पण किती टेचात मोडलीत!"

पुढे दुकाने हिंडणे हा आमचा सुटीचा उद्योग झाला. एका दुकानात मीठच इतक्या परींचे होते, की साधे कोणते ते विचारायलाही धीर होईना. दुसऱ्यात बरण्यांमधून फिकट, गोल काहीतरी आमच्याकडे पाहत असे. फळ की प्राणी, यावर आम्ही वाद घालत असू. एकदा मी पांढऱ्याशुभ्र पिठाचा पुडा आणला, पीठ मळले, आणि गोळा हाताचा सुटेना. पुढच्या भेटीत दाखवला, तेव्हा त्याने पुडा उलटून वाचला व गंभीर चेहऱ्याने सांगितले, "भिंतीला कागद चिकटवायची खळ आहे ही."

"हसा, हसा!"

"हसत नाहीये. मी तर मागे ती तव्यावर टाकली होती... तवाच फेकावा लागला."

त्या दिवशी मी इतकी हसले, की घरी येऊन प्रथमच बॅगेतले कपडे कपाटात लावावेसे वाटले. लावले मात्र नाहीत. संतापाने देश सोडणारी माणसे बॅग रिकामी करत नाहीत. परत बोलावणे येईल, ही लाजिरवाणी आशा त्यांनी तळाशी घडी घालून ठेवलेली असते.

आणि बोलावणे आले. भाचेसाहेबांना यापेक्षा मऊ खुर्ची मिळाली होती. फोनवर आई म्हणाली, "झालं गेलं गंगेला मिळालं, बाळा. सोमवारपर्यंत हो म्हणून कळव, आणि ये परत."

शनिवारी त्याच भेंडीच्या दुकानात मी ते त्याला सांगितले. तो एक नारळ कानाशी धरून हलवत होता. हात थांबला.

"चांगली बातमी आहे."

"एवढंच?"

"तुमची हक्काची जागा आहे. मी काय बोलणार..."

भाच्याचाही मला इतका राग आला नव्हता. "भेंडीचा आवाज तुम्हाला मांडणीपलीकडून ऐकू येतो! आणि समोर उभ्या माणसाचा?"

"आला ना." त्याने नारळ हळूच खाली ठेवला. "चांगली बातमी सांगताना आवाज चढतो. तुमचा उतरला."

"मग गप्प का?"

"कान तपासताना मी अगदी बारीक आवाज लावतो, आणि थांबतो. ऐकू आला की माणसानं स्वतःहून हात वर करायचा. 'आला का, आला का' विचारलं, की भिडेखातर हो म्हणतात लोक... तुमचं भिडेखातरचं हो मला नकोय."

एवढे बोलून तो वळला आणि मांडणीच्या पलीकडे गेला.

मी भेंडीच्या ढिगापाशी उभी राहिले. त्या महाविद्यालयाने मला वाकवून पाहिले, मोडून पाहिले, आणि ढिगात परत टाकले. आता दुसरे काही हाती लागेना, म्हणून पुन्हा ढीग उपसणे चालले होते. त्यांच्याकडे या बाईंसारखे कुणी गल्ल्यावर बसले असते, तर...

पलीकडून काहीतरी ऐकू आले. इतके हळू, की त्याच्या छत्रीचे ठिबकणे त्याहून मोठे वाटावे.

"थांबता का... इथंच?"

एक भेंडी चिमटीत धरून मी हात वर केला. डब्यांच्या वर, मांडणीच्याही वर. गल्ल्यावरून बाई काहीतरी ओरडल्या. मी हात खाली घेतला नाही.

पलीकडून दुसरा हात वर आला. त्याने माझ्या चिमटीतल्या भेंडीचा शेंडा धरला.

टक्.

"कोवळी आहे," तो म्हणाला.

"मग घ्या," मी म्हणाले. "नियम आहे."