रोगणाखालचे कातडे

पूर्वेच्या डोंगररांगेवर तांबडे फुटले, तरी सोनजाई गडाच्या पायथ्याशी पडलेली देशमुखाची छावणी अजून धुक्यात गुरफटलेली होती. मोर्च्यांवरच्या तोफांची काळी तोंडे तेवढी त्यातून डोकावत होती. गडावर मात्र रात्रभर कोणाचा डोळा लागला नव्हता. किल्लेदार विठोजी रणनवरे यांनी आज दरवाजा उघडून वेढ्यावर तुटून पडण्याचा हुकूम सोडला होता, आणि सदरेपुढे पूजेसाठी मांडलेल्या नव्या ढाली कोवळ्या उन्हात अशा लखलखत होत्या, की शिपाई त्यांत तोंड पाहून मिशांना पीळ भरत होते.

त्या ढाली घडवणारा लखमोजी जिनगर एका बाजूला मान खाली घालून उभा होता. लाख, राळ आणि जवसाचे तेल कढवून तो जे रोगण करी, त्याला मुलखात तोड नव्हती. त्याने रोगण दिलेल्या कातड्यात पाणी शिरत नसे, कीड धरत नसे, तलवारीचे पाते त्यावरून निसटून जाई. या गोष्टीचा त्याला ताठाही होता. पण या ढालींचे कातडे राखण्यासारखे राहिलेच नव्हते. रोगण चढवले होते ते झाकण्यासाठी.

पावसाळ्याआधी सरनोबत नरसोजी खवले, किल्लेदारांचा सख्खा मेहुणा, किडीने पोखरलेली कातडी घेऊन त्याच्या कारखान्यात आला होता. गड पाडून दिलास तर किल्लेदारी तुझी, असा शब्द देशमुखाने त्याला दिलेला. लखमोजीने कातड्याला हात लावायचे नाकारले, तेव्हा नरसोजी नुसता हसला. लखमोजीची बायको साळूबाई माहेरी निघाली असता वाटेतच त्याच्या माणसांनी तिला उचलून पायथ्याच्या वाडीत डांबले होते. ढाली झाल्या आणि तोंड मिटलेले राहिले, तर बायको धडधाकट परत येईल; नाहीतर आधी तिचे हात येतील, मग उरलेली, एवढे सांगून तो निघून गेला. लखमोजीने ढाली केल्या. भोके राळेने बुजवली, रोगणाचे हातावर हात दिले, गारगोटीने घोटून आरशासारखी झिलई आणली.

आता म्हातारा शिपाई कोंडाजी घाग पुढे आला. वेढ्यात त्याचे दोन मुलगे कामी आले होते. तिसरा त्याच्यामागे कमर कसून उभा होता. म्हाताऱ्याने एक ढाल उचलून कपाळाला लावली.

"लखमोजी, दोघं गेले. हा एकच उरलाय," तो म्हणाला. "पण आज तुझ्या ढालीआड निघालाय, तेव्हा जिवाला घोर नाही."

साळूबाईचा चेहरा लखमोजीच्या डोळ्यांपुढे आला, आणि त्याने मनातल्या मनात तिची क्षमा मागितली. मग त्याने डावा हात त्या ढालीत घातला आणि तो सदरेसमोर जाऊन उभा राहिला.

"धनी, पूजेआधी ढालीची परीक्षा व्हावी. वार कोंडाजीबाबांनी करावा. हात राखून करू नये."

ऐन मुहूर्ताला हा अपशकुन कशाला, म्हणून नरसोजी पुढे सरसावला. पण किल्लेदारांनी जिनगराच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे एकदा पाहिले आणि कोंडाजीला मानेने इशारा केला.

तलवार उतरली. ढाल शिळ्या भाकरीसारखी दुभंगली, आणि तिच्याबरोबर लखमोजीचा हात मनगटाच्या वर तुटून फरसबंदीवर पडला. तो कोसळला नाही. दंड उजव्या हाताने आवळून धरत, पोखरलेले कातडे साऱ्यांना दिसेल असे उभे राहून, त्याने घडले ते सारे सांगितले.

नरसोजी डगमगला नाही. जिनगरच शत्रूला फितूर झाला असून आता जीव वाचवायला माझे नाव घेतो आहे, असे तो शांतपणे म्हणाला.

कोंडाजी अजून उपसलेल्या तलवारीनिशीच उभा होता. "सरनोबत," त्याने विचारले, "मग सगळ्या गडाला नवी ढाल, आणि तुमच्या पाठीवर तुमच्या वडिलांची जुनी का?"

झरोक्याआड नरसोजीच्या बहिणीचा, किल्लेदारीणबाईंचा, हुंदका ऐकू आला. किल्लेदारांनी तिकडे पाहिलेही नाही. लखमोजीचा थोटा हात उकळत्या तेलात बुडवून रक्त थांबवण्यात आले, आणि मग त्याच कढईसमोर नरसोजीला बसवण्यात आले. बोटे तेलात जाताच तो बोलता झाला. दरवाजा उघडून त्याने शेला हलवला, की देशमुखाची फौज वर धावून येणार होती.

विठोजींनी एक नवी ढाल त्याच्या हातावर चामड्याच्या वादीने करकचून आवळली.

"चला, सरनोबत. खूण करा, आणि पुढं तुम्हीच व्हा."

शेला हलला. देशमुखाचे लोक जयघोष करीत चढून आले आणि दरवाजाच्या चिंचोळ्या वाटेत दाटले, तोच दोन्ही बुरुजांवरून धोंडे सुटले. दगा झाला हे उमजताच त्यांनी पहिले भाले नरसोजीवरच चालवले. त्याने ढाल आडवी धरली. भाले ढालीतून त्याच्या छातीत गेले. वाटेवर इतके मुडदे पडले, की उरलेली फौज त्यांवरूनच तुडवत मागे पळाली, आणि दिवस मावळायच्या आत वेढा उठला. कोंडाजीचा तिसरा मुलगा जुनी, फुटकी ढाल घेऊन लढला आणि जिवंत परतला.

लखमोजीचा ताप उतरल्यावर किल्लेदारांनी त्याला सदरेवर बोलावले.

"तुला मारत नाही, कारण गड तुझ्यामुळं वाचला," ते म्हणाले. "ठेवतही नाही, कारण बुडत होता तोही तुझ्याच हातानं. आजच गड उतर."

तो मुजरा करून निघाला. कोंडाजी त्याच्यासोबत चालू लागला. पायथ्याच्या वाडीतली घरे जळून गेली होती. एका पडवीत एक म्हातारी तेवढी राखेतून दाणे वेचत बसली होती. लखमोजीने तिला साळूबाईविषयी विचारले. फौज पळताना तिला घेऊन गेली की मारून गेली, एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते.

म्हातारीने मान वर केली नाही. "ती होय? आणली त्याच दिवशी पळू गेली, लेकरा. तिथंच तोडली. पाऊस पडायच्या आधीची गोष्ट."

सारा पावसाळा लखमोजी ढाली घोटत होता.

"कुठं पुरली?" त्याने विचारले.

"पुरतंय कोण?" म्हातारी म्हणाली, आणि पुन्हा दाणे वेचू लागली.