नियंत्रण गट

टेबलावर चहाचे तीन कप होते, त्यातले दोन तसेच गार झालेले. औषधाच्या सहा बाटल्या, एका वाटीत बाबांची कवळी, आणि मधोमध धाकट्या भावाचा शोधनिबंध छापून आलेला ताजा अंक. ताई पुन्हा पुन्हा मोजत राहिली, कारण मोजत राहिलं की डोळे भरून येत नाहीत... आणि आज ते भरून येऊ द्यायचे नव्हते.

धाकटा उत्साहात सांगत होता. ‘तुमचे शेजारी तुमच्यापेक्षा कमी वीज वापरतात’ एवढंच एक पत्र दर महिन्याला घरोघरी पाठवलं, तर वापर सहा टक्क्यांनी उतरतो. या निष्कर्षाच्या जोरावर त्याला दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात तीन वर्षांचं पद मिळालं होतं. होकारही कळवून झाला होता.

"आणि बाबा?"

"तू आहेस की."

तू आहेस की! बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हाही हेच तीन शब्द; आणि त्या तीन शब्दांपायी तिचा अर्थशास्त्रातल्या याच विषयावरचा प्रबंध अर्ध्यावर राहिला, त्याचा मात्र पुरा झाला...

"पत्रं बंद केल्यावर काय होतं, ते पाहिलंस?" तिने विचारलं. "लाजेपोटी केलेली बचत टिकते का?"

"तो तुझा जुना प्रश्न, ताई."

"अजून माझाच आहे. प्रबंध पुरा करायला मला पुन्हा प्रवेश मिळालाय."

त्याने अंकावरून नजर उचलली. "मग आधी बोलायचंस ना."

"तू विचारलंस कधी? पाच हजार घरांना पत्रं पाठवलीस. या घराला विचारलंस?"

"चिठ्ठ्या टाकून घरं निवडली, त्यात आपलं घर नियंत्रण गटात निघालं," तो ओशाळं हसला. "त्या गटाला काही पाठवायचं नसतं."

"हो ना. त्यांना काही द्यायचं नाही, काही विचारायचं नाही... त्यांनी फक्त जागच्या जागी राहायचं, म्हणजे बाकीचे किती पुढे गेले ते मोजता येतं." तिने अंक त्याच्याकडे सरकवला. "मी तुझा नियंत्रण गट आहे रे, इतकी वर्षं."

पलंगावरून बाबांचे बोबडे शब्द आले, "घरात दीड अर्थशास्त्रज्ञ... आणि त्या अर्ध्याला कुणी पुरं होऊ देत नाही."

कुणीच हसलं नाही.  धाकटा बाह्या सरसावत उठला आणि बाबांच्या पायाशी जाऊन बसला.

"मालिश कुठून सुरू करतात, दाखव."

"लाजेपोटी म्हणतोयस."

"लाजेपोटीच," तो म्हणाला. त्याचे डोळे मात्र वाहत होते. "टिकतं का, ते तू मोज."

त्याने त्या पदाला दिलेला होकार मागे घेतला. तीन वर्षांनी ताईचा प्रबंध पुरा झाला; त्यात तिच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर होतं. पत्रं थांबल्यानंतर दोन वर्षांनी त्या घरांमधली बचत सहा टक्क्यांवरून चार पूर्णांक तीन टक्क्यांवर आली होती.