न कळण्याचा हक्क

भर दुपारी आई परत आली ती उंबऱ्याबाहेरच थांबली. साडीचा काठ ओला होता.

“शिवू नकोस मला. आधी डोक्यावरून अंघोळ करते.”

“चंद्रावर माणसं राहायला गेली, तरी तुझं सोवळं सुटत नाही!” ऋजुता हसली. तिसरा महिना सरत आला होता. मळमळ थांबल्यापासून तिला हसू लवकर येई. “कोण गेलं?”

“ओळखीतलं,” म्हणत आई न्हाणीघराकडे वळली.

सकाळी ती पेढे घेऊन गर्भवेध केंद्रात गेली होती. ऋजुताचे वडील, अण्णा, हंटिंग्टनच्या आजाराने गेले. आधी हातपाय मनाला येईल तसे हलू लागले, मग शब्द गेले, शेवटी माणसांची ओळखही. एका सदोष जनुकाचा हा वारसा. तो ऋजुताकडे असण्याची शक्यता निम्मी. तिने स्वतःची तपासणी कधीच केली नाही. मूल मात्र निरोगी हवं होतं.

अशांसाठी केंद्राने मौनमार्ग काढला होता. प्रयोगशाळेत वाढवलेले भ्रूण गर्भवेध यंत्र तपासी, निर्दोष तेवढा पुढे देई, आणि बाकीच्यांबद्दल चकार शब्द काढत नसे.

“एक जरी सदोष निघाला, तरी दोष तुमच्यात आहे हे ठरलंच,” डॉक्टर म्हणाल्या होत्या. “न कळण्याचा हक्क तुम्हा दोघांचाही.” तिच्या नवऱ्याने, निनादने, तिच्याआधी सही केली होती.

आई केस पुसत बाहेर आली. डोळे लाल.

“ओळखीतलं म्हणजे कोण?”

आईने तिच्या पोटाकडे पाहिलं. नजर हटवायला उशीर झाला.

“आई?”

“याची भावंडं.”

मिरजेतल्या लोकांनी भांडून केंद्राला एक रीत पाळायला लावली होती: दोषामुळे बाद झालेले भ्रूण मातीच्या बोळक्यात घालून घरच्यांकडे द्यायचे, कृष्णेत सोडायला. मौनमार्गातल्यांना बोळकं द्यायचं नसे. पण पेढे घेणाऱ्या बाईंनी नाव विचारलं, मौनमार्गाची नोंद न पाहताच आत जाऊन बोळकं आणलं, आणि आजीच आल्या ते बरं झालं, म्हणाल्या.

“नको म्हणायचंस ना!”

“कसं म्हणू? आपली होती गं ती. याचा अर्थ काय, ते घाटावर उतरताना डोक्यात आलं. तरी पाण्यात उतरून सोडलं.”

ऋजुता खाली बसली. अण्णांना भरवणारी, पुसणारी, रात्ररात्र धरून ठेवणारी ही बाई आता पुरती पिकली होती.

“अण्णांना आजाराचं कळलं, त्या दिवशी तू काय म्हणालीस?”

“काही नाही. जेवायला वाढलं.”

फाटकाशी निनादची गाडी थांबली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्याचा हक्क अजून शाबूत होता. तो ऋजुताने किती वर्षं राखायचा, आणि आईनंतर एकटीने?