आठव्या पानावरचं दुकान

लिफ्ट बंद होती आणि शिलाई मशीन चौथ्या मजल्यावरच्या टेलरकडे पोचवायचं होतं. तिने ते पहिल्या पायरीवर टेकवून श्वास घेतला, तेवढ्यात वरून उतरणाऱ्या एका तरुणाने न विचारताच दुसरी बाजू धरली. दुसऱ्या मजल्यापर्यंत तो ऐटीत होता. तिसऱ्यावर त्याला धाप लागली.

"हे... रोज उचलता तुम्ही?"

"रोज कुठलं? गिऱ्हाईक असेल तेव्हाच."

ती हसून बोलली खरी, पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. वडिलांचं मशीन-दुरुस्तीचं दुकान आता तीच चालवत होती. बाजारात सगळे तिला मशीनताई म्हणत, आणि तरी दिवसाकाठी एखादं मशीन आलं तरी खूप. वर्षअखेरपर्यंत असंच राहिलं तर शटर कायमचं खाली, असं वडिलांनी सांगून टाकलं होतं, आणि त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्या तरुणाची नोकरी त्याच इमारतीत होती. इंटरनेटवर कुणी काही शोधलं की आपल्या गिऱ्हाइकांच्या वेबसाइट वर दिसाव्यात, याची खटपट त्याची कंपनी करायची. त्याने तिथेच, जिन्यात, मोबाइलवर तिचं दुकान शोधलं. ते शोधाच्या यादीत आठव्या पानावर निघालं.

"इतक्या मागे कुणी येत नाही," तो म्हणाला. मग नजर चुकवून, "मी आलो असतो म्हणा..."

अख्ख्या बाजाराची ती ताई होती, पण हा माणूस ताई म्हणायचं शिताफीने टाळतोय, हे तिने ओळखलं. त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

मग तो दर शनिवारी दुपारी दुकानात येऊ लागला. त्याने सांगितलं, दुसऱ्या वेबसाइटने आपल्या वेबसाइटची लिंक दिली की ती शिफारस धरली जाते, आणि त्याचं पोट त्या शिफारशी गोळा करण्यावरच चालतं. वडिलांनी लगेच त्याचं नाव लिंकवाला ठेवलं. पण तिच्यासाठी मात्र त्याने साधी कामं काढली. दुकानाच्या वेबसाइटवरचे फोटो हलके केले, पानं झटकन उघडतील असं पाहिलं, आणि लोक जे विचारतात त्याची उत्तरं तिला सांगायला लावली. दोरा का तुटतो, टाका का सुटतो, सुईची सपाट बाजू कुठे हवी... ती सांगायची, तो टाइप करायचा. कधी त्याची बोटं थांबायची आणि तो नुसताच बघत राहायचा.

"लिहा ना."

"लिहितो. पुन्हा सांग."

त्या दिवशी तो 'सांगा' म्हणाला नाही. तिनेही पुन्हा सांगितलं, जरा सावकाश. घरी जाताना तिला उगाचच रडू आलं, इतकं तिला बरं वाटलं होतं.

चार महिन्यांत दुकान आठव्या पानावरून चौथ्यावर आलं. "पी हळद अन् हो गोरी असं थोडंच असतं," वडील म्हणाले. पण वर्ष सरत होतं, आणि तिचा उतरलेला चेहरा त्याला बघवेना.

एकाएकी दुकान पहिल्या पानावर आलं. फोन वाजू लागले. बाकावर पाच मशीनं रांगेने उभी राहिली आणि वडील कितीतरी दिवसांनी शीळ वाजवत तेल घालू लागले. हे तीन आठवडे टिकलं. मग एका मंगळवारी फोन गप्प झाला. शोधलं तर दुकान पहिल्या पानावर नव्हतं, चौथ्यावर नव्हतं, आठव्यावरही नव्हतं.

तो दुपारीच आला आणि दारात उभा राहिला.

"मीच केलं. तुला न सांगता तीनशे ठिकाणी लिंका लावून घेतल्या. बुटांच्या वेबसाइट, जुगाराच्या, कसल्या कसल्या... खोट्या शिफारशी पकडल्या गेल्या, म्हणून दुकान यादीतूनच काढून टाकलं."

 तिला राग आला होता, पण त्याहून जास्त काहीतरी दुखत होतं.

"बाबा मशीनमध्ये डुप्लिकेट शटल कधी बसवत नाहीत," ती म्हणाली. "चार दिवस टाका छान पडतो, मग मशीनच अडकतं. तू इथे बसून हे स्वतःच्या हाताने लिहिलं होतंस. आता येऊ नकोस."

तो आला नाही. फक्त दर शनिवारी एक मेसेज यायचा, किती लिंका काढून झाल्या याचा. चाळीस. एकशे दहा. दोनशे सहा. ती उत्तर देत नसे, पण शनिवारची वाट बघायची. एरवी ती एकटीच वेबसाइटसाठी लिहीत बसे. कुठलं मशीन दुरुस्त होणार नाही, तेही तिने लिहिलं. असं कोणता दुकानदार लिहितो?

डिसेंबरात एक शिवणशिक्षिका दुकानात आली. रेक्झिन शिवताना सुई का मोडते, हे तिला दुकानाच्या वेबसाइटवरच्या एका पानावर कळलं होतं. तिने आपल्या शिवणशाळेच्या वेबसाइटवर त्याची लिंक दिली होती, कुणी न सांगता, आणि आता शाळेची सहा मशीनं तपासून हवी होती. पाठोपाठ तिच्या विद्यार्थिनी येऊ लागल्या. दुकान जेमतेम पाचव्या पानावर परतलं होतं. वडिलांनी विद्यार्थिनींची रांग बघितली आणि म्हणाले, "अजून एक वर्ष बघू."

ते तिने त्याला फोन करून सांगितलं. तो आला, पण उंबऱ्याबाहेरच थांबला.

"दोनशे सत्त्याऐंशी निघाल्या. तेरा जण उत्तरच देत नाहीत."

"काय लिहायचास त्यांना?"

"चूक माझी आहे, कृपया लिंक काढा, असं."

"तीनशे परक्या माणसांपुढे हात जोडलेस. माझ्याकडे एकदाही काही मागितलं नाहीस."

"कोणत्या तोंडाने मागू? तुझं दुकान बुडवत होतो मी."

"दुकानाचं बाबांनी ठरवलं. माझं मी ठरवणार आहे. माग."

 खाली बघूनच तो म्हणाला, "मला तू हवी आहेस. परत येऊ?"

"ये," ती म्हणाली. "पण यापुढे माझ्यासाठी जे करशील, ते मला सांगून कर."

त्याने मान डोलावली. त्याचे डोळे भरले होते, आणि तिचेही.