कापूर, कोळसा आणि निळसर धूर

"ते घेऊ नका!"

गुळगुळीत, एकसारख्या कोळशाच्या वड्यांच्या पिशवीकडे गेलेला शर्मिष्ठाचा हात तिथंच थांबला. जोगेश्वरीच्या वखारीत रविवारी सकाळी आपल्याला कोण हटकणार? वळून बघते तर... पांढराशुभ्र शर्ट, कोपरापर्यंत काळे हात आणि नाकाच्या शेंड्यावर कोळशाचा एक ठिपका. तो ठिपका असा, की बोलण्याकडे लक्षच लागू नये!

"का? छान तर दिसतायत."

"दिसतात. पण चुरा चिकटवून बनवलेल्या आहेत, पेटताना वास मारतात." त्यानं पोत्यातून दोन ओबडधोबड तुकडे उचलले आणि तिच्या कानाजवळ एकमेकांवर आपटले. खण्ण! "बाभळीचा. एकदम सुका. ओला असता तर नुसता थप्प वाजला असता."

"कोळसा वाजवून घेतात? नारळासारखा?"

"माणसंही वाजवून घ्यायला हवीत," तो म्हणाला. "पण ती चिडतात."

शर्मिष्ठा चिडली नाही. तिथंच तर सगळी गडबड सुरू झाली!

पोतं एकच उरलं होतं आणि ते त्यानं आधीच सांगून ठेवलेलं. मग एरवी अनोळखी माणसासमोर तोंड न उघडणाऱ्या आपल्या शर्मिष्ठानं भडाभडा सगळं सांगून टाकलं. आज संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर चाळीस माणसं जेवणार. धुरावर भाजलेलं चिकन, तिनं एकटीनं करायचं. जमलं तर बाबा केटरिंगच्या कोर्सला जाऊ देणार. फसलं तर गुपचूप एम.कॉम. आणि बाबा शब्दाचे इतके पक्के, की वाट लागली तरी शब्द फिरवणार नाहीत.

"अर्धं तुम्ही न्या, आमच्या आजच्या पार्टीला उरलेलं पुरेल," तो लगेच म्हणाला. "मी धम्मपाल. असतो बँकेत, पण हे सगळं मार खाऊन शिकलोय. ताईच्या साखरपुड्याला मी कोळशावर रॉकेल ओतलं होतं. पाहुणे अजून तेच ढेकर देतात."

ती खळखळून हसली.

"तेलाच्या डब्याला बुडाशी भोकं पाडायची. खाली कागद, वर कोळसा. बाकी काही म्हणजे काही ओतायचं नाही. आधी पांढरा, दाट धूर येईल... तेव्हा चिकन लांब. कोळशावर राख चढली, धूर निळसर, दिसतोय न दिसतोयसा झाला, की मग ठेवायचं."

"आणि मला नाही कळलं तर?"

"मी बघायला येऊ?"

"आमच्याकडे बघायला येतात ना, ते कांदेपोहे खाऊन जातात हं!"

त्याचे कान लालबुंद झाले. नंबर मात्र त्यानं दिला.

संध्याकाळी डबा पेटवून, मसाला लावलेलं चिकन आणायला ती खाली घरात गेली. पातेलं घेऊन वर आली, तर गच्चीवर पांढऱ्या धुराचा लोट! आणि त्याशेजारी बाबा, छाती फुगवून उभे.

"बघ कसा भडकलाय! तुझा तो कागद विझायला लागला होता. देवघरातला कापूर टाकला. आख्खी डबी!"

गच्चीभर आरतीचा वास.  शर्मिष्ठानं पावाचा तुकडा चिमट्यात धरून धुरावर फिरवला, त्याचा कोपरा तोडून जिभेवर ठेवला... आणि थुंकला. कडूजहर!

"बाबा, चिकन असं लागेल. चाखा."

बाबांनी उरलेला तुकडा चाखला. त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "अगं, मला वाटलं... तुला मदत होईल."

त्यांच्यावर चिडायची सोय नव्हती. कोळसा तर सगळा त्यातच गेलेला. तिसऱ्या मजल्यावरच्या सुंदराबाई रिकामी ताटली घेऊन खुर्चीत बसल्यासुद्धा! शर्मिष्ठानं धम्मपालचा नंबर लावला.

"कापूर... आख्खी डबी," ती कशीबशी म्हणाली.

"पत्ता पाठवा. आलोच."

लिफ्ट बंद होती. धम्मपाल खांद्यावर उरलेलं अर्धं पोतं घेऊन पाच जिने चढून आला. धापा टाकत, आणि नाकावर नवा ठिपका घेऊन.

"अरे, पण तुझ्याकडे आज पार्टी होती ना?" घाईत 'तुम्ही' कधी गळून पडलं, तिलाही कळलं नाही.

"रद्द झाली. बोल, काय करायचं?"

तिनं कापराचे निखारे वाळूच्या बादलीत ओतले, डबा नव्यानं रचला. कागद पेटला. पांढरा धूर... अजून पांढराच. खुर्च्या करकरायला लागल्या.

"शमू, ठेव ना आता," बाबा कुजबुजले. "लोक भुकेलेत."

"नाही."

"मलाही झालासा वाटतोय," धम्मपाल हळूच म्हणाला.

"मला नाही वाटत!"

तो पाऊलभर मागे सरला. त्याचा फोन वाजला, त्यानं कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. शर्मिष्ठाची नजर डब्यावरून हलेना. आणि मग राखेची साय धरलेल्या कोळशावरून एक निळसर रेघ उठली. झिरझिरीत. तिच्याआडून समोरची पाण्याची टाकी स्वच्छ दिसत होती.

"आत्ता!"

कोळसा शेगडीत, चिकन जाळीवर, वर झाकण.

पहिला तुकडा बाबांनी घेतला. चावले. डोळे मिटले.  आणि बाबांचा हात दुसऱ्या तुकड्याकडे गेला!

"कुंदा," त्यांनी आईला हाक मारली, "आता हिच्या हातचं खायला आपल्याला हॉटेलात जावं लागणार बघ."

शर्मिष्ठानं टुणकन उडीच मारली. तेवढ्यात धम्मपालचा फोन पुन्हा. त्याचे हात मसाल्यानं बरबटलेले, म्हणून तिनंच उचलला.

"धम्म्या, कुठे मेलास?" पलीकडून कोणीतरी ओरडलं. "वर्सोव्याला आम्ही सगळे कच्ची कोंबडी घेऊन बसलोय! कोळसा कुठंय?"

ती सावकाश त्याच्याकडे वळली. "पार्टी रद्द झाली होती ना?"

"मी केली रद्द. मिथुनला सांगायचं... राहिलं."

"का रे?"

तो पायाशी बघत राहिला. "सकाळी... तू चिडली नव्हतीस ना."

तिनं बोटानं त्याच्या नाकावरचा ठिपका पुसला. तिचंही बोट काळंच, ठिपक्याचा चांगला डाग झाला. तिला तो फारच आवडला.

"कोण बोलतंय?" फोनमध्ये मिथुनचा आवाज गोंधळला. "हॅलो? तू कोण?"

शर्मिष्ठानं फोन धम्मपालच्या कानाला लावला. "विचारतोय, मी कोण. सांग."

"काय... काय सांगू?"

तिनं शेगडीशेजारचे दोन कोळसे दुसऱ्या हातात उचलले आणि त्याच्या दुसऱ्या कानाजवळ एकमेकांवर आपटले.

खण्ण!

"मिथुन," धम्मपाल म्हणाला, नजर तिच्यावरच, "तुम्ही सगळे बाहेरून मागवा यार. मी आता इथंच आहे."