शब्दाला शब्द

माझी बायको निवेदिता मार्चमध्ये गेली. तिचं एक काम मी चालू ठेवलं आहे. मराठी बोलणं ऐकून टाइप करणारं एक सॉफ्टवेअर आहे. ते कुणाच्या मालकीचं नाही, लोकच घडवतात. कुणी वाक्यं लिहितं, कुणी ती वाचून आवाज देतं, कुणी आवाज तपासतं. निवेदिता आवाज द्यायची, आयर्लंडमधल्या नास गावच्या आमच्या घरात, वरच्या खोलीची खिडकी बंद करून. मला माइकसमोर बोलवेना. मी वाक्यं लिहू लागलो आणि तपासू लागलो.

तपासणं सोपं असतं. वाक्य पडद्यावर दिसतं, मग आवाज येतो. शब्दाला शब्द जुळला तर 'बरोबर', एकही बदलला तर 'चूक'. मी कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात तपासणीलाच आहे. हात आपोआप चालतो.

डब्लिनमधल्या ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसातली तिची मैत्रीण भार्गवी मराठीचं काम सांभाळते. एकदा फोनवर म्हणाली, "संजीवदादा, ग्रँड आहेत तुमची वाक्यं, पण नुसत्या सूचना. दूध आत ठेवा, हीटिंग बंद करा. एखादं मनातलं लिहा की."

म्हणून गेल्या मंगळवारी लिहिलं, 'मी जाते, दार लावून घ्या.' मनात तेच होतं.

रविवारी दुपारी वरच्या खोलीत तपासायला बसलो. समोरचा शेजारी गाडी धूत होता. आठ-दहा वाक्यांनंतर माझंच वाक्य आलं.

"मी येते, दार लावून घ्या."

'जाते'च्या जागी 'येते'. मी 'चूक' दाबलं.

दाबल्यावर आवाज ओळखला. घरातून निघताना निवेदिता कधी 'जाते' म्हणाली नाही. मी 'जातो' म्हटलं तरी उंबऱ्यावर अडवायची, 'येतो' म्हणायला लावायची.

भार्गवीला फोन केला.

"आत्ताचं एक परत ऐकता येईल का?"

"नाही हो. 'चूक' पडलं की तो आवाज जातो आणि वाक्य पुन्हा वाचायला लागतं. वाचेल कुणीतरी नीट. का?"

"निवेदिता होती."

"तिचे जुने आवाज येतात की अजून अधूनमधून."

"वाक्य मी मंगळवारी लिहिलंय, भार्गवी."

ती म्हणाली, "दादा, जेवलात का तुम्ही?"

एक शब्द चालवून घेतला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं?

फोन ठेवून पुढचं वाक्य मागितलं. तेच आलं.

"मी जाते, दार लावून घ्या."

या वेळी सावकाश. एकेक शब्द सुटा, मी लिहिला तसाच. 'जाते'पाशी आवाज थोडा अडला, पण म्हणाली.

मी 'बरोबर' दाबलं नाही.

जिन्यावरून गार वारा वर आला. खाली उतरलो.

आतली साखळी काढलेली होती. पुढचं दार सताड उघडं होतं.

घर गार पडलं आहे. मी दार अजून लावलेलं नाही.