डोंगरावरचे पाणी शहाण्णवला का उकळते?

पाणी खळखळ उकळत होते, पण तापमापीचा आकडा शहाण्णव अंशांवरच अडून बसला होता.

"शंभर हवेत. तापमापी बिघडली आहे. परत पाठवा," ठोकळ्या म्हणाला. ठोकळ्या म्हणजे शाळेतला यंत्रमानव. २०४५ साली तो शहरातून सातपुड्याच्या माथ्यावरच्या या प्राथमिक शाळेत आला, तेव्हा मुलांनीच त्याचे हे नाव पाडले.

विज्ञान शिकवणाऱ्या कुमुदबाईंचा चेहरा उतरला. विज्ञान इथे ऐच्छिक विषय (ज्याला हवा त्यानेच घ्यायचा). सगळे वर्ग बाईंकडेच, त्यामुळे विज्ञानाच्या वाट्याला दिवसाचा शेवटचा तास यायचा आणि तोही पुष्कळदा कवायतीत जायचा. साहित्य म्हणाल तर एक खोके. आज घंटा झाल्यावर मुले विषय निवडणार होती. वर्गात कोणी थांबले नाही, तर विज्ञान बंद होणार होते. शेजारच्या खोलीत, गाणे शिकवायला येणाऱ्या गावातल्या बुवांच्या तासाची ढोलकी वाजत होती.

"बाई, तुमचं पाणी आळशी आहे!" बाबनू ओरडला. वर्ग हसला.

"मागच्या वर्षीही हेच झालं. मी दोन तापमाप्या परत पाठवल्या," बाई म्हणाल्या.

"मग तिन्ही एकसारख्याच कशा बिघडल्या?" फुलवंतीने विचारले.

बाईंनी शाळेच्या स्वयंपाकघरातून बर्फ मागवला. वितळत्या बर्फात तापमापीने बरोबर शून्य दाखवले.

"म्हणजे तापमापी चांगली आहे. मग कोणाचं चुकतंय?" बाईंनी विचारले.

फुलवंतीने दप्तरातून वेफर्सचे गच्च फुगलेले पाकीट काढले. "बाई, मामा हे पायथ्याच्या परतवाड्याहून आणतो. खाली चपटं असतं. घाट चढला की फुगतं."

"शाब्बास! आतली हवा तेवढीच आहे. मग फुगलं कसं?"

"बाहेरची हवा कमी दाबते?"

"अगदी बरोबर! आपल्या डोक्यावर हवेचं ओझं असतं, त्याला वातावरणाचा दाब म्हणतात. उंचावर ते ओझं कमी होतं. पाणी उकळताना आत वाफेचे बुडबुडे होतात आणि त्यांना हे ओझं रेटावं लागतं. ओझं हलकं, तर कमी तापमानालाही ते जमतं."

"म्हणून आमच्याकडे डाळ लवकर शिजत नाही!" फुलवंती म्हणाली.

"हो. पाणी उकळतं, पण तितकं गरम नसतं. कुकर वाफ कोंडून दाब वाढवतो, म्हणून त्यात डाळ पटकन शिजते."

"माझ्याकडे समुद्रकाठचाच शंभरचा आकडा होता," ठोकळ्या हळूच म्हणाला.

"म्हणजे तूच बिघडलास!" बाबनू म्हणाला.

घंटा झाली. काही मुले गाण्याकडे पळाली. बाबनूही दारापर्यंत गेला आणि वळला. "बाई, चंद्रावर तर हवाच नाही. तिथं पाण्याचं काय होईल?"

"उत्तर सांगू?" ठोकळ्याने विचारले.

"नको!" मुले एकदम ओरडली.

बाईंनी खोक्यातून बिनसुईची सिरिंज काढली, उकळी थांबलेले थोडे गरम पाणी तिच्यात घेतले आणि टोक बंद केले. मग बाबनूला दांडा मागे ओढायला सांगितले, म्हणजे आतला दाब कमी होईल.

सिरिंजखाली आच नव्हती, तरी पाण्यात बुडबुडे उसळले.

"आता मी!" म्हणत बाकीची मुले टेबलाभोवती दाटली.